मेळघाटात सफारी बुक केलीय? गेटवरून परत यायचं नसेल तर आधी हे वाचा

दिवाळीची सुट्टी लागली की मेळघाटाच्या पायथ्याच्या परतवाड्यात आमच्यासारख्यांचे फोन वाजायला लागतात. "पैसे भरलेत, परमिट हातात आहे, तरी गेटवर सोडत नाहीत, काय करावं?" नागपूरहून, अकोल्याहून, पार पुण्याहून लहान लेकरं घेऊन आलेली माणसं पहाटेच्या थंडीत गेटसमोर उभी असतात. तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरत नाही. जे करायचं ते बुकिंगच्या वेळीच करायचं असतं.

फॉर्म भरणं अवघड नाही. वन विभागाच्या अधिकृत सफारी संकेतस्थळावर गेट, तारीख आणि सकाळची की दुपारची फेरी निवडायची, सगळ्यांची नावं आणि ओळखपत्राचे क्रमांक टाकायचे, पैसे भरायचे, परमिटची प्रिंट काढायची. पात्रतेची म्हणाल तर विशेष अट नाही, कुणीही जाऊ शकतो. परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट लागतो. प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाइडचं मानधन हे तीन वेगवेगळे खर्च आहेत. ऑनलाइन भरलेल्या रकमेत त्यातलं काय आलं, ते पावतीवर नीट बघा. गाइड घ्यावाच लागतो, आणि तो घ्यावासाही वाटला पाहिजे. गेटवरची बरीच गाइड मुलं कोरकू आदिवासींच्या गावांतली आहेत. पायवाट, पाणवठा, कोणत्या झाडाखाली अस्वलानं माती उकरली, हे ती चालत्या गाडीतून दाखवतात.

'मेळघाट' नावाचं एकच गेट नाही

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. मेळघाट व्याघ्र प्रकल्प अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्यातला गाभ्याचा भाग, 361 चौरस किलोमीटरचा. त्याच्या आजूबाजूला मेळघाट, नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही अभयारण्यं. सेमाडोह, हरिसाल, चिखलदरा, शहानूर ही गेटं नकाशावर जवळ दिसतात, पण मध्ये सातपुडा उभा आहे.

दरवर्षी होणारा प्रकार सांगतो. मुक्काम चिखलदऱ्याला, आणि जागा शिल्लक दिसली म्हणून सफारी शहानूरची. शहानूर अकोट तालुक्यात, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी. चिखलदऱ्याहून तिथे जायचं म्हणजे घाट उतरून परतवाडा, मग अंजनगाव, अकोट, पोपटखेड. सकाळच्या फेरीला वेळेवर पोचायचं तर मध्यरात्रीच निघावं लागेल. चुकीच्या गेटवर परमिट दाखवून "इथूनच सोडा ना साहेब" म्हणून उपयोग नाही. प्रत्येक गेटवर गाड्यांची संख्या ठरलेली असते, आणि गार्डच्या हातातल्या यादीत तुमचं नाव नसतं. म्हणून आधी मुक्काम ठरवा, मग त्याच्या जवळचं गेट. चिखलदऱ्याला राहणार असाल तर वैराटकडचं जंगल बघा. वैराट 1178 मीटर उंच आहे, मेळघाटातली सर्वांत उंच जागा.

विश्रामगृहाचं आरक्षण म्हणजे सफारीचं परमिट नव्हे, हेही लक्षात ठेवा. सिपना नदीच्या वळणावरचं कोलकास मिळालं म्हणून खुशीत आलेली माणसं सकाळी गेटवर येऊन अडतात. दोन्ही वेगवेगळं काढावं लागतं.

नाव आणि ओळखपत्र

बुकिंग करताना जे ओळखपत्र दिलं तेच, मूळ स्वरूपात, सोबत हवं. परमिटवर ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक आणि खिशात आधार, असं नको.

खरी अडचण नावांची आहे, आणि ती जास्त करून बायांच्या वाट्याला येते. आधारवर माहेरचं नाव असतं, फॉर्म नवऱ्यानं भरलेला असतो आणि त्यात त्यानं सासरचं टाकलेलं असतं. गार्ड बॅटरीच्या उजेडात एक बोट परमिटवर, एक बोट आधारवर ठेवून वाचतो. पहिलं नाव जुळतं, पुढचं एक अक्षर जुळत नाही. समजूतदार गार्ड असला तर क्रमांक ताडून सोडतो, नाहीतर ती माउली तीन तास गेटवर बसते आणि बाकीचं घर जंगल बघून येतं. हे बघवत नाही. लग्नानंतर नाव बदलणं ही घरोघरची गोष्ट आहे, फॉर्मवर त्याबद्दल एक ओळ छापायला काय हरकत होती? पण तोवर तुम्हीच काळजी घ्या. नाव ओळखपत्र समोर ठेवून, अक्षर न् अक्षर उतरवा. हाक मारायचं नाव टाकू नका, 'राव', 'भाऊ', 'ताई' लावू नका.

लहान मुलांचंही नाव परमिटवर घाला. आधार काढलेलं नसेल तर शाळेचं ओळखपत्र किंवा जन्मदाखला जवळ असू द्या. "मांडीवर बसेल" हे उत्तर चालत नाही.

आणि "आधार मोबाइलमध्ये आहे" यावर विसंबू नका. घाट चढला की रेंज जाते, सेमाडोहच्या आसपास फोन नुसता घड्याळ होतो. शिवाय गाभा क्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई आहे. कागद सोबत ठेवा. फोटो काढायचे असतील तर कॅमेरा घ्या, आणि त्याचं शुल्क आहे का ते बुकिंगच्या वेळीच बघा. ड्रोन घरी ठेवा.

पावसाळ्याचा गैरसमज

चिखलदरा जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यानं भरतं, तिथल्या पंचबोल आणि भीमकुंड या ठिकाणांवर गर्दी उसळते. लोकांना वाटतं जंगलही तेव्हाच बघावं. पण साधारण जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असतं. कच्चे रस्ते बसतात, नाले भरतात, आणि तो जनावरांचा विणीचा काळ असतो. तारखा पावसावर मागेपुढे होतात, म्हणून जून आणि ऑक्टोबरच्या कडेचं बुकिंग करताना सूचना वाचा.

हिरवं जंगल हवं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जनावरं दिसायला हवी असतील तर मार्च ते मे. तेव्हा सागाची पानं गळालेली असतात, मोह फुललेला असतो, पाणी मोजक्या डोहांत उरतं. ऊन मात्र वऱ्हाडाचं आहे, म्हाताऱ्या माणसांना दुपारच्या फेरीला नेऊ नका.

वाघाची हमी इथे कुणी देऊ शकत नाही. ताडोबासारखं सपाट रान नाही हे, चढ-उतार आणि दाट बांबू. पण रानगवा, सांबर, अस्वल, रानकुत्रे दिसतात, आणि नशीब असेल तर रानपिंगळा नावाचं छोटं घुबडही. शंभराहून जास्त वर्षं नामशेष समजला गेलेला हा पक्षी 1997 साली नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही. त्याच्यासाठी जगभरातून माणसं येतात. कोहा, कुंड, बोरी ही गावं पुनर्वसनात जंगलातून उठून गेली. अशा गावांच्या जागी आता गवताची कुरणं आहेत. गाइडनं तिथे गाडी थांबवली तर शांत बसा, ती कुणाची तरी शेतं आणि घरं होती.

परमिट कुणाला लागत नाही

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 27 प्रमाणे कामावरचे सरकारी कर्मचारी, आत राहायची परवानगी असलेले, आत स्थावर मालमत्तेवर हक्क असलेले, त्यांच्यावर अवलंबून असलेले लोक आणि सार्वजनिक रस्त्यानं जाणारे यांना सूट आहे. परतवाडा-धारणी रस्त्यानं तुम्ही विनापरमिट जाऊ शकता ते यामुळेच. पण सूट रस्त्यानं जाण्यापुरती आहे. गाडी बाजूला लावून सिपनेच्या पात्रात डबा खायला उतरलात की ती संपली. चूल पेटवली तर कलम 30 चा गुन्हा वेगळा, उन्हाळ्यात एका काडीनं डोंगरच्या डोंगर जळतो.

अभ्यास आणि संशोधन

कॉलेजची मुलं प्रकल्पासाठी सफारीच्या परमिटवर येतात आणि आत नमुने गोळा करायला लागतात. तसं करू नका. कलम 28 मध्ये पर्यटन, छायाचित्रण, संशोधन अशी कारणं वेगवेगळी दिली आहेत, आणि एका कारणाचं परमिट दुसऱ्याला चालत नाही. संशोधनाचा अर्ज नागपूरला, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात जातो. सोबत संस्थेचं पत्र, विषय, पद्धत, कोणत्या भागात आणि कोणत्या महिन्यांत काम करणार हे सगळं लागतं. "मेळघाट" एवढंच लिहिलेला अर्ज फिरून परत येतो. वनपरिक्षेत्राचं नाव लिहा. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांचं कार्यालय अमरावतीला आहे, तिथेही प्रत द्या आणि पोच घ्या. उत्तराला महिने लागू शकतात, म्हणून उन्हाळ्यातल्या कामाचा अर्ज पावसाळा संपताच टाका.