साधा ब्लॉक की टर्बोचा ब्लॉक : एका गॅरेजातल्या प्रश्नामागचा इतिहास

नाशिकमध्ये द्वारकेच्या आसपासचं गॅरेज असो की पाथर्डी फाट्याकडचं, जुनी कमांडर, मॅक्स किंवा बोलेरो इंजिनकामाला आली की एक प्रश्न हमखास निघतो. बोअर, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक, झिजून शेवटच्या ओव्हरसाइझच्याही (मोठ्यात मोठ्या पिस्टनच्या मापाच्याही) पलीकडे गेलेला असतो. ब्लॉक, म्हणजे ही भोकं असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, बदलायचाच असतो. मग आणायचा तो साधा, म्हणजे बिनटर्बोच्या इंजिनाचा, की टर्बोचा? मालकाचा ओढा टर्बोकडे असतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर माणसं भरून नेताना किंवा माल घेऊन कसारा घाट चढताना साधं डिझेल किती धापा टाकतं, हे त्याने वर्षानुवर्षं सोसलेलं असतं. मिस्त्री दोन्ही ब्लॉक शेजारी ठेवून म्हणतो, "बघा, सारखेच आहेत, बसून जाईल." वरवर बघता ते खरोखरच सारखे दिसतात. ते तसे का दिसतात आणि फरक नेमका कुठे दडलेला असतो, हे कळण्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

साधं इंजिन बाहेरच्या हवेच्या दाबावर जगतं. पिस्टन खाली जातो, पोकळी होते, वातावरणातली हवा आत येते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा 6-7 टक्के कमी असतो. म्हणजे तेच इंजिन घाटमाथ्यावर आलं की काहीही बिघाड नसताना थोडं दुबळं होतं. टर्बो वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून आत ढकलतं, आणि तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा, म्हणून जास्त इंधन जाळता येतं.

ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याने 1905 साली पेटंट घेतलं. प्रत्यक्षात ती नीट उतरायला जवळपास वीस वर्षं गेली. 1920च्या दशकाच्या मध्यात दोन जर्मन प्रवासी जहाजांची डिझेल इंजिनं टर्बोवर चालली आणि त्यांची ताकद 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली. दरम्यान 1918 साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या सुमारे 4300 मीटर उंच डोंगरावर लिबर्टी हे विमानाचं इंजिन नेऊन टर्बोची चाचणी घेतली. त्यांचा हेतू साधा होता: उंचीवर गमावलेला दाब परत मिळवायचा. 1938 साली स्वित्झर्लंडच्याच साउररने ट्रकच्या डिझेलला टर्बो दिला. जहाजाच्या आणि ट्रकच्या इंजिनात ब्लॉकची चिंता फारशी नव्हती. ओतकाम जाडजूड, फेरे कमी, वजनाची फिकीर नाही.

खरी अडचण मोटारीत आली. 1962 साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार अमेरिकेत विक्रीला आली. तिचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) 10.25 होता, टर्बोच्या पेट्रोल इंजिनासाठी तेव्हा फारच जास्त. नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी भडकणं, टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून आत फवारावं लागे. ती टाकी भरायला लोक विसरत, आणि गाडी लवकरच बंद झाली. पुढच्यांनी धडा घेतला. 1973च्या बीएमडब्ल्यू 2002 टर्बोत कॉम्प्रेशन थेट 6.9 वर आणलेलं होतं.

याच बीएमडब्ल्यूच्या एम10 ब्लॉकची गोष्ट इथे सांगावीच लागते, कारण "साधा ब्लॉक टर्बोला चालतो" म्हणणारे नकळत तिचाच आधार घेतात. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला साध्या चार सिलिंडर मोटारीसाठी बनवलेला हा बिडाचा ब्लॉक पुढे फॉर्म्युला वनमध्ये 1.5 लिटर टर्बो इंजिनाचा पाया झाला आणि 1983 साली नेल्सन पिके याच इंजिनावर विश्वविजेता ठरला. त्यासाठी हजारो किलोमीटर पळालेले जुने ब्लॉक निवडले जात, कारण ओतकामातले ताण वापरात निवळलेले असत. पण त्या इंजिनातला क्रँक (पिस्टनची चाल फिरती करणारा दांडा), रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारी दांडी), पिस्टन, हेड (ब्लॉकवरचं झाकण) सगळं वेगळं होतं, आणि ते शर्यतीगणिक खोललं जाई. गडावर रोज फेऱ्या मारणाऱ्या गाडीला तो दाखला लागू पडत नाही.

आपल्या कामाचा दाखला मर्सिडीजचा आहे. त्यांच्या ओएम617 या तीन लिटर, पाच सिलिंडर डिझेलची साधी आवृत्ती 80 अश्वशक्तीच्या आसपास देत असे. 1978 साली 300 एसडी मोटारीत तेच इंजिन टर्बो होऊन सुमारे 110 वर गेलं. बाहेरून घराणं तेच, मापं जवळपास तीच. आत मात्र कारखान्याने प्रत्येक पिस्टनच्या पोटावर तेलाची धार मारणारे जेट बसवले, क्रँक अधिक कणखर केला, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले घातले. मला हे उदाहरण सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्यांनी मूळ इंजिन बनवलं, त्यांनाच टर्बो लावताना ते आतून पुन्हा विचारात घ्यावं लागलं.

आता नाशिककडे. महिंद्राच्या डिझेलचं एक घराणं ट्रॅक्टरमधून आलं. 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत बी-275 ट्रॅक्टर सुरू झाला, आणि त्या वळणाची इंजिनं पुढे जीपमध्ये आली. त्यातल्या एमडीआय इंजिनाचे 2523 सीसी मोजून बघा: बोअर 88.9 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची चाल) 101.6 मिमी. म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. मेट्रिक मापाच्या देशात इंची मापाचं इंजिन का, याचं उत्तर त्या ट्रॅक्टरमध्ये आहे.

दुसरं घराणं फ्रेंच. 1979 साली प्यूजोशी करार झाला आणि 2112 सीसीचं एक्सडीपी इंजिन आलं. ही इंजिनं इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागली. पुढचं एक्सडी3 94 मिमी बोअर आणि 90 मिमी स्ट्रोकचं, 2498 सीसी. 2002 साली नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली तेव्हा तिच्या टर्बो इंजिनाचे 2609 सीसी होते: बोअर तोच 94, स्ट्रोकही 94. आकडे शेजारी ठेवले की कूळ दिसतं. डिझेल फवारणाऱ्या नोझलचं कामही याच शहरातलं. सातपूरच्या मायकोला आता बॉश म्हणतात, पण सर्कलचं नाव मायको सर्कलच राहिलं.

दोन्ही घराण्यांना टर्बो लागला, पण त्याचा भार अगदी वेगळा. बोलेरोतलं 2523 सीसी टर्बो लागूनही 63 अश्वशक्तीचंच होतं, म्हणजे लिटरमागे 25. स्कॉर्पिओचं 2609 सीसी 109 अश्वशक्ती देत होतं, लिटरमागे जवळपास 42. मर्सिडीजचं साधं इंजिन लिटरमागे साडेसव्वीसच्या पुढे होतं, म्हणजे आपल्या टर्बो बोलेरोपेक्षा जास्त. हे एकच माप पुरेसं नाही, टॉर्क आणि फेरेही बघावे लागतात. तरी एवढं नक्की कळतं की पहिल्या प्रकारात टर्बोचं मुख्य काम हवा भरपूर देऊन धूर कमी करणं आणि खालच्या फेऱ्यांत दम देणं हे होतं. तिथे साधा आणि टर्बो ब्लॉक जवळचे भाऊ असणं समजण्यासारखं आहे. "बसून जातं" हा गॅरेजातला अनुभव अशाच इंजिनांवर तयार झाला. तोच अनुभव स्कॉर्पिओसारख्या इंजिनावर वापरला की हेड गॅस्केट जातं, पिस्टनच्या रिंगांची बैठक फुटते, पिस्टन वितळतो.

साध्या डिझेलचा शेवट धुराच्या नियमांनी केला. 2000 साली देशभर युरो-1 च्या बरोबरीचे नियम आले, 2010 पर्यंत बीएस-3 सगळीकडे लागू झालं, 2017 साली बीएस-4, 2020 साली बीएस-6. टोयोटाची क्वालिस 2000 साली आली ती 2.4 लिटरच्या साध्या डिझेलवर, 75 अश्वशक्तीची. 2005 साली तिच्या जागी आलेली इनोव्हा 2.5 लिटर टर्बो कॉमन रेलवर (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीवर) 102 अश्वशक्ती देत होती. बोलेरोचंही तेच झालं: 2011 मध्ये त्या 2523 सीसीला कॉमन रेल आलं, आणि 2016 मध्ये 1493 सीसीचं तीन सिलिंडर टर्बो. या नव्या इंजिनांना साधा भाऊच नाही. म्हणून साधा की टर्बो हा प्रश्न मुख्यतः 2010च्या आधीच्या गाड्यांचा आहे.

अशा गाडीचा ब्लॉक हाती आला की तो उलटा करून क्रँकच्या बाजूने आत बघावं. टर्बोसाठी घडवलेल्या अनेक ब्लॉकमध्ये प्रत्येक बोअरच्या खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढी वाकडी नळी दिसते, तोंड पिस्टनच्या पोटाकडे वळलेलं. हाच तेलाचा जेट. त्याच कुळाच्या साध्या ब्लॉकमध्ये त्या जागी नुसता ओतकामाचा उंचवटा असतो, भोक न पाडलेला, पृष्ठभाग खरखरीत. बाजूला टर्बोला तेल देणारी आणि तेल परत आणणारी जागाही अशीच असते: एकात आटे पाडलेले, दुसऱ्यात कोरी. कारखाना एकाच साच्यातून दोन्ही ओततो आणि मग एकाला पूर्ण यंत्रकाम देतो. त्यामुळे चार पावलांवरून दोन्ही सारखे दिसतात. परतीचं भोक ड्रिल मशीनवर पाडता येतं. जेटसाठी तेलाची गॅलरी (ब्लॉकच्या आतली तेलाची वाट), तेवढा वाढलेला प्रवाह पुरवणारा ऑइल पंप आणि ऑइल कूलर हे मात्र एकत्रच यावे लागतात. नुसता टर्बो आणि मॅनिफोल्ड लावून काम भागत नाही.

पिस्टनचंही तसंच. जुन्या साध्या, वेगळी ज्वलनकुपी असलेल्या डिझेलचं कॉम्प्रेशन 21 ते 23 असायचं, थेट फवाऱ्याच्या टर्बो डिझेलचं 16 ते 18. साधे पिस्टन ठेवून वर टर्बोचा दाब चढवला की ज्वलनाचा सर्वोच्च दाब हेडच्या बोल्टांना आणि बेअरिंगना झेपत नाही. टर्बोच्या वरच्या रिंगला तापून फुगायला जागाही जास्त लागते. ती जागा अंदाजाने ठेवू नये, त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेली मोजून ठेवावी.

माझं मत स्पष्ट आहे. साधा ब्लॉक तडा नसलेला, सरळ आणि लायनर (बोअरमध्ये बसवायची नवी नळी) घेऊ शकणारा असेल तर तो साधाच बांधावा, बोअर-होनिंग (भोक कापून, घासून मापात आणणं) चांगल्या ठिकाणी करावं, पंप आणि नोझल बेंचवर लावून घ्यावेत. गाडी पुन्हा तिच्या मूळ दमाने चालते, आणि घाटात ते पुरेसं असतं. टर्बोच हवा असेल तर टर्बोचं पूर्ण हाफ इंजिन शोधावं: ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन, ऑइल पंप, कूलर एकाच वंशाचे. अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं असं इंजिन पहिले काही महिने छान पळतं, म्हणूनच फसवतं.

इंजिन नंबर ब्लॉकवरच कोरलेला असतो, हेही विसरू नये. ब्लॉक बदलला की आरसी बुकातला नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल परिवहन कार्यालयात नोंदवावा लागतो. एमएच-15ची गाडी असेल तर पेठ रोडवरच्या कार्यालयात, जुन्या ब्लॉकचे आणि नव्याच्या खरेदीचे कागद घेऊन. भंगारातून बिनकागदाचा आणलेला ब्लॉक कितीही चांगला असला तरी तो घालू नये.

हा प्रश्न आता पेट्रोलमध्ये परत येतो आहे. 2020ची पोलो 999 सीसीच्या एकाच घराण्याच्या दोन इंजिनांत मिळत होती, साधं 76 अश्वशक्तीचं आणि टर्बो 110चं. दोन्ही ब्लॉक ॲल्युमिनियमचे, बिडाचे पातळ लायनर आतच ओतलेले. बिडाच्या जुन्या ब्लॉकसारखं यांना दोन-तीन वेळा बोअर करता येत नाही, आणि तापून वाकलेला वरचा पृष्ठभाग फार घासताही येत नाही. या गाड्या इंजिनकामाला येऊ लागतील तेव्हा सातपूर-अंबडच्या बोअरिंगवाल्यांना ॲल्युमिनियमसाठी वेगळी यंत्रं आणि वेगळा हात लागेल.