ग्लो इंजिनाची पॉवर कमी होणे

मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन चालू तर होतं पण ओढत नाही, किंवा सुरुवातीला मस्त ओरडतं आणि मिनिटभरात आवाज बसतो, किंवा जमिनीवर ठीक असतं आणि वर चढवलं की दम टाकतं, या सगळ्याला उडवणारे एकच शब्द वापरतात, "पॉवर गेली". खरं तर हे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी पॉवर नेमकी कधी जाते हे बघायचं, कारण त्यावरून निम्मा तपास तिथेच संपतो. बहुतेक लोक उलटं करतात, आधी हेड खोलतात, आतलं सगळं ठीकच असतं, आणि परत बसवताना गॅस्केट फाडून ठेवतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इथे बोलतोय ते साधारण २.५ ते ७.५ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनांबद्दल, म्हणजे १५ ते ४६ साइझ (साइझ म्हणजे घन इंचाचे शंभरावे भाग, ४० म्हणजे ०.४० घन इंच, सुमारे ६.५ सीसी). आता सगळे बॅटरी आणि ब्रशलेसवर गेलेत, पण ठाण्यात जुन्या सोसायट्यांमध्ये माळ्यावर कुठल्यातरी काकांचं ओएस किंवा एन्या कंपनीचं इंजिन अजून सापडतं आणि पुतण्याला ते चालवायचंच असतं. एनसीसीच्या एअर विंगमध्येही एरोमॉडेलिंग शिकवतात, तिथूनही बऱ्याच जणांना हा नाद लागतो.

या इंजिनात स्पार्क नसतो. प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक कॉइल असते, सुरू करताना तिला दीड व्होल्टची बॅटरी लावून लाल करायची, इंजिन चाललं की बॅटरी काढायची. त्यानंतर कॉम्प्रेशनची उष्णता, आधीच्या स्फोटाची शिल्लक धग, आणि प्लॅटिनमवर मिथेनॉलची (या इंजिनाचं मुख्य इंधन) होणारी उत्प्रेरक क्रिया एवढ्यावर कॉइल तापलेली राहते. हा प्लग अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ मध्ये बाजारात आणला आणि मॉडेलमधून इग्निशन कॉइल, पॉइंट, कंडेन्सर असं सगळं वजन एका फटक्यात गेलं. पण याचा अर्थ असा की टायमिंग (स्फोट नेमका कधी व्हायचा ती वेळ) फिरवायला वेगळा स्क्रू नाही, टायमिंग हे मिश्रण, प्लग, कॉम्प्रेशन आणि इंधनातलं नायट्रोमिथेन हे सगळे मिळून ठरवतात. एक बिघडलं की बाकीचे बिघडल्यासारखे दिसतात, तपासात लोक चकतात ते इथेच.

सुरुवातीपासूनच दम नसेल तर

आधी कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावून बघा, रिमोटची थ्रॉटल स्टिक पूर्ण वर असताना बॅरल (हवेची वाट उघडझाप करणारा फिरता दांडा) पूर्ण उघडतंय का. हसू नका, सर्व्होचा (बॅरल फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा) हॉर्न एक भोक इकडेतिकडे लावला की बॅरल पाऊणच उघडतं आणि माणूस तासभर नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवत बसतो. मग प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, बघा. ४० साइझला १० बाय ६ (इंचात व्यास आणि पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकण्याचं अंतर) ठीक, ४६ ला ११ बाय ५ किंवा ११ बाय ६, त्यावर १२ बाय ८ लावला तर इंजिन मरतुकडं वाटणारच, त्यात त्याचा दोष नाही.

मग प्लग. बॅटरी लावल्यावर नारिंगी पेटतो म्हणजे चांगला आहे असं नाही, कॉइलचा पृष्ठभाग पांढरट, खरखरीत झाला किंवा त्यावर ॲल्युमिनियमचे कण चिकटले तर उत्प्रेरकाचं काम मंदावतं. खरी परीक्षा चालत्या इंजिनावर होते, फुल थ्रॉटलला बॅटरी काढली आणि आरपीएम ठळक पडले तर प्लग थकलाय, किंवा त्या इंधनाला थंड पडतोय, किंवा मिश्रण फार रिच (इंधन जास्त, हवा कमी) आहे. प्लगखालची तांब्याची वॉशर नसेल तर तिथून गॅस निसटते, बाजूला तेलाचे बुडबुडे दिसतात. शंका असेल तर सरळ नवा प्लग लावा, सगळ्यात स्वस्त प्रयोग तोच.

टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, दोन पात्यांवर सेट केलेला ऑप्टिकल टॅको तिच्यासमोर धरला तर ३००० दाखवायला हवा. गॅरेजमध्ये ट्यूबखाली रीडिंग घेऊन "तीन हजारच मारतोय" म्हणणारे भेटतात.

मिनिट-दोन मिनिटांनी आवाज बसत असेल तर

ही सगळ्यात जास्त भेटणारी आणि सगळ्यात महाग पडणारी तक्रार, आणि दहापैकी नऊ वेळा इंजिन लीन (इंधन कमी, हवा जास्त) चाललेलं असतं. मिथेनॉल हवेच्या मानाने भरपूर लागतं, पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा तर मिथेनॉलला ६.४, आणि वाफ होताना ते खूप उष्णता शोषतं. म्हणजे हे इंधन जाळायलाही आहे आणि इंजिन थंड ठेवायलाही, शिवाय वंगणाचं तेल त्यातच मिसळलेलं. मिश्रण पातळ झालं की गारवा कमी, तेलही कमी, डोकं तापतं, स्फोट वेळेआधी व्हायला लागतो आणि पिस्टन वर येत असतानाच त्याला खाली ढकलतो. आरपीएम आधी थोडे चढतात, छान वाटतं, आणि मग एकदम बसतात. तेव्हा नीडल अजून आवळणं म्हणजे इंजिनाची वाट लावणं.

नीडल लावायची पद्धत अशी: फुल थ्रॉटलला, प्लगची बॅटरी काढून, आरपीएम शिखरावर न्या आणि तिथून नीडल उघडत २०० ते ४०० आरपीएम खाली या. मग कोणाला तरी विमान धरायला लावून नाक सरळ आभाळाकडे करा. आवाज किंचित चढला तर बरोबर, बसला तर लीन आहे, अजून एक-दोन क्लिक उघडा. सोबत नसेल कोणी तर इंधनाची नळी चिमटीत क्षणभर दाबून सोडा, आरपीएम चढून मग पडले तर रिच होतं, सरळच पडले तर लीन. प्रॉपच्या मागून हात घालायचा, पुढून कधीच नाही, आणि बाही सैल नको.

नीडल बरोबर असूनही बसत असेल तर हवा कुठून तरी शिरतेय. संशयित: टाकीच्या आतल्या नळीला पडलेलं सुईएवढं भोक (इंधन त्या भोकाखाली गेलं की बुडबुडे येतात, म्हणजे अर्धी टाकी छान आणि नंतर घोटाळा), कार्बच्या मानेतली ओ-रिंग, बॅकप्लेटचं (इंजिनाच्या मागच्या झाकणाचं) गॅस्केट, सैल झालेले हेडचे स्क्रू. पारदर्शक नळी वापरली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

फक्त हवेत जात असेल तर

मग इंजिनाला हातच लावू नका, टाकी बघा. आपटून उतरलेल्या विमानात टाकीतला वजनदार क्लंक (इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) उलटून पुढच्या बाजूला जाऊन अडकतो. जमिनीवर आडवं असताना तो बुडालेला असतो, चढताना इंधन मागे जातं आणि हा पुढे कोरडा. टाकीची मध्यरेषा कार्बच्या फवाऱ्याच्या फार खाली बसवली असेल तरी चढताना उपासमार होते, ती थोडीशीच खाली असावी. मफलरपासून टाकीत दाब नेणारं निपल जळक्या एरंडेलाने (इंधनात वंगण म्हणून मिसळलेलं तेल) चोंदलेलं असतं तेही काडीने साफ करा. आणि प्रॉप बॅलन्स नसेल तर थरथरीने टाकीत फेस होतो, फेस म्हणजे हवाच. टाकीभोवती फोम गुंडाळा आणि प्रॉप बॅलन्स करा.

महिन्यामहिन्यांनी कमी होत गेली असेल तर

इथे आपली हवा आरोपी. खाडीकाठची दमट हवा आणि ग्लो इंधन यांचं जमत नाही, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि उडवून झाल्यावर आत उरलेलं ओलसर, किंचित आम्लधर्मी इंधन बेअरिंग खातं. मागचं बेअरिंग आधी जातं. प्लग काढून प्रॉप हाताने फिरवा, करकर किंवा दाणेदार लागलं तर गंज आहे. जुनं बेअरिंग काढायला क्रँककेस ओव्हनमध्ये १५० अंशांच्या आसपास तापवून लाकडावर ठोकतात, ते आपोआप पडतं (घरच्या ओव्हनमध्ये नको, वास जात नाही आणि भांडण होतं). नव्यासाठी बेअरिंगवर कोरलेला नंबर घेऊन दुकानात जायचं, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बहुतेक साइझ मिळतात. पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाच्या शेवटी नळी काढून इंजिन कोरडं होऊन बंद पडेपर्यंत चालवायचं, मग कार्बमधून आणि प्लगच्या भोकातून गंजरोधक पातळ तेलाचे काही थेंब टाकून प्रॉप फिरवायचा. पावसाळ्यात चार महिने बंद राहणाऱ्या इंजिनाला हे केलंच पाहिजे.

एरंडेल जळून पिस्टनवर आणि एक्झॉस्टमध्ये तपकिरी वार्निशसारखा थर बसतो, मफलर आतून अरुंद होतो आणि दम कोंडतो. तरी एरंडेल पूर्ण सोडू नये असं माझं मत, लीन झालेल्या इंजिनाला सिंथेटिकपेक्षा तेच जास्त वाचवतं.

एबीसी इंजिनात, म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम चढवलेला पितळी लायनर, कॉम्प्रेशन गरम असताना तपासायचं. थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला चिमटतो तो मुद्दाम तसाच बनवलेला असतो. गरम इंजिनात प्रॉप फिरवताना प्रतिकारच लागत नसेल तर जोडी झिजली, आणि जुन्या मॉडेलचा पिस्टन-लायनर मिळाला तरी त्या किमतीत कधीकधी दुसरं इंजिनच येतं. कॉक्सच्या ०४९ सारख्या ०.८ सीसीच्या चिमुकल्यांमध्ये मात्र आधी मागची रीड (इंधन-हवा आत घेणारी पातळ पत्ती) बघा, एखादा केस अडकला तरी ती बंद होत नाही.

इंधन आणि हवामान

अर्धी भरलेली, झाकण सैल राहिलेली बाटली पावसाळ्यानंतर वापरायची नाही. त्यातलं पाणी घरी काढता येत नाही, ताज्या बाटलीवर तेच इंजिन चालवून फरक ऐका. मिथेनॉल विष आहे, डोळे जातात, जीव जातो, २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती यानेच, म्हणून बाटलीवर ठळक लिहून मुलांच्या हातापासून लांब ठेवा. त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही हेही लक्षात असू द्या.

मे महिन्यात दुपारी थोडी पॉवर कमी वाटणं हा बिघाड नाही. ३५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा ६-७ टक्के विरळ असते आणि दमटपणात वाफ ऑक्सिजनची थोडी जागा अडवते, सकाळी सातला उडवलंत तर हेच इंजिन वेगळं वाटेल. लोणावळ्याकडे साधारण ६०० मीटरवर उडवलंत तर विरळ हवेत मिश्रण आपोआप रिच होतं, नीडल एक-दोन क्लिक आवळावी लागते. ती घाट उतरून परत आल्यावर न विसरता उघडायची, कारण तीच सेटिंग खाली खाडीकाठी लीन पडते.