दैत्यसूदन मंदिर, लोणार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या तालुक्याच्या गावचे प्राचीन विष्णुमंदिर. परगावचे बरेच लोक खाऱ्या पाण्याचे सरोवर पाहतात आणि गावात न शिरता परत फिरतात. पण सरोवर आणि देऊळ या एकाच कथेच्या दोन बाजू आहेत.

लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखालच्या विवरात राहून सगळ्या मुलखाला छळत असे. देवांनी धावा केल्यावर विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात आला. दैत्याच्या दोघी बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि भाऊ कुठे दडलाय ते सांगून बसल्या. विष्णूने पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. उघडे पडलेले विवर म्हणजे सरोवर, पाणी म्हणजे दैत्याचे रक्त, खार म्हणजे त्याचे मांस. उडालेले झाकण धाकेफळला पडून त्याची टेकडी झाली, असे सांगतात.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टच्या कातळावर उल्का आदळून झाले. त्या आघाताची आठवण कथेत उतरली, असे हल्ली हौसेने सांगितले जाते. ते पटत नाही. कथेत आकाशातून काहीच पडत नाही. तिचा सगळा जीव मिठात आहे, दैत्याच्या नावातसुद्धा. इथला खार लोक पिढ्यान्‌पिढ्या गोळा करत आले. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रकारांना वेगवेगळी नावे होती. काच आणि साबण करायला लागणारा माल लोणारला मिळतो, अशी नोंद सोळाव्या शतकातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे, ब्राह्मण या क्षेत्राला विष्णुगया म्हणतात, हेही तिथेच लिहिले आहे.

मंदिर चालुक्य-यादव काळातले, हेमाडपंती धाटणीचे. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ही धाटणी ओळखली जाते. चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले दगड, ताऱ्याच्या आकाराचा आराखडा आणि कोनाकोनांत मोडत गेलेली भिंत. बाहेरच्या देवकोष्ठांत, म्हणजे मूर्तींसाठी भिंतीत केलेल्या कोनाड्यांत, सूर्य, नरसिंह, चामुंडा. गाभाऱ्यात दैत्याला पायाखाली घेऊन उभा विष्णू. आत अंधार आहे. बॅटरी जवळ ठेवावी आणि मान वर करून छत सावकाश पाहावे. हिरण्यकशिपूला फाडणारा नरसिंह आणि खुद्द लवणासुराचा वध तिथे कोरलेला आहे. ज्या छतांकडे सहसा कुणी पाहत नाही, तिथे कारागिरांनी एवढा जीव ओतला!

मे महिन्याच्या मध्याला सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा काही दिवस दुपारच्या सुमारास ऊन आत मूर्तीवर उतरते. हा किरणोत्सव पाहायला गावकरी भर उन्हात जमतात.

विवराच्या काठावर गोड्या पाण्याचा बारमाही झरा गोमुखातून पडतो. गावात त्याला नुसते ‘धार’ म्हणतात. यात्रेकरू आधी धारेवर आंघोळ करतात. नवरात्रात मात्र बायाबापड्यांची रीघ खाली, सरोवराकाठच्या कमळजादेवीकडे लागते.