बटण कुणी दाबलं?

बेळगावात वडगावच्या गल्लीतून जाताना खटखटाटाकडे मान वळवली, की मागाच्या डोक्यावर जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे सरकताना दिसतात. साडीच्या काठावर मोर यायचा की कोयरी, ते त्या भोकांत ठरलेलं असतं. गेल्या पावसाळ्यात गेम कन्सोल आपोआप चालवायच्या खटपटीत मला हे पुठ्ठे सारखे आठवत होते.

भाच्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. घरात निन्टेंडो स्विच, आणि खेळता येईना. आम्ही रास्पबेरी पाय पिको आणला, म्हणजे हवा तो प्रोग्राम भरता येणारा चिमुकला संगणक-बोर्ड. २०२१ साली ४ डॉलरला बाजारात आलेला हा बोर्ड जेमतेम ५१ मिलिमीटर लांब आहे.

कन्सोलला हात दिसत नाही, हे यातलं मर्म. यूएसबीची वायर जोडली की कन्सोल विचारतो, "तू कोण?" बोर्ड सांगतो, "मी कंट्रोलर. मला इतकी बटणं, दोन स्टिक." त्यानंतर दर काही मिलिसेकंदांनी एकच विचारणा: "आता काय?" आमच्या बोर्डाचं उत्तर आठ बाइटचं असायचं; दर बाइटमध्ये ० किंवा १ च्या आठ खुणा, म्हणजे बिट. पहिल्या दोन बाइटमध्ये बटणं, एकात दिशांची कळ, चारांत दोन्ही स्टिक, शेवटचा बाइट रिकामा. बिट १ म्हणजे बटण दाबलेलं, ० म्हणजे सोडलेलं. स्टिकचा आकडा ० ते २५५, मधोमध १२८. आठ बाइटचा हा एक पुठ्ठाच! प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स मात्र कंट्रोलरकडून गुप्त ओळखही मागतात, तिथे हे इतकं सोपं नाही.

पहिल्या दिवशी पात्र एकदाच उडालं आणि थांबलं. बटण दाबल्याचा पुठ्ठा आम्ही पाठवला होता, सोडल्याचा नाही. मग सोडायला लावलं, तर काही उड्या गळायला लागल्या. गेम सेकंदाला ६० चित्रं काढतो, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. बरेच गेम चित्रागणिक एकदाच बटणांकडे बघतात. आमचं ५ मिलिसेकंदांचं दाबणं मधल्या फटीत हरवत होतं. ५० केलं, तेव्हा जमलं.

गेममधल्या शेताला पाणी घालायचं रोजचं काम आम्ही असं बोर्डावर सोपवलं. पण गेम कधी अर्धा सेकंद उशिरा उघडतो, आणि पुढची सगळी बटणं चुकीच्या जागी पडतात. धागा तुटला तरी पुठ्ठ्याला कळत नाही, त्यासाठी विणकर लागतो. आमचा विणकर म्हणजे एचडीएमआय कॅप्चर कार्ड. त्यातून टीव्हीचं चित्र लॅपटॉपमध्ये येतं. ठरलेल्या कोपऱ्यातला रंग बदलला, की मगच पुढचं बटण. ऑनलाइन स्पर्धेत मात्र हे वापरू नये, समोरचा खरोखर हाताने खेळत असतो.

मग २०२२ चा पिको डब्ल्यू घेतला, त्यात वायफाय आहे. फोनच्या पडद्यावर स्टिक काढली आणि स्टिक पुढे ढकलून धरत मी जिना चढलो. गच्चीवर वायफाय तुटलं. खालून भाचा ओरडला, "मामा, ह्यो थांबंनाच की!" शेवटचा निरोप "पुढे पळ" हाच होता, आणि बोर्ड तो इमानाने पाळत होता. आता २०० मिलिसेकंद निरोप आला नाही, तर सगळी बटणं सुटतात आणि स्टिक १२८ वर येते. कारखान्यातल्या रिमोटवरच्या क्रेनलाही हीच शिस्त असते: सिग्नल गेला, की क्रेन थांबते.

शेवटी दाराच्या बेलचं एक बटण फळीवर ठोकलं. त्याची एक वायर पिकोच्या पिनेला, दुसरी ग्राउंडला. डाव्या हातात फोनवरची स्टिक, पायाखाली उडीचं बटण. पहिला खड्डा ओलांडला, तेव्हा प्लास्टरमधला हातही त्याने वर केला होता.