नवीन ड्रेनेज लाइनचे नगरपालिका नियम

नवीन ड्रेनेज लाइन म्हणजे इथे मलवाहिनी, घराघरातलं संडास-मोरीचं पाणी वाहून नेणारी बंद पाइपलाइन. पावसाचं पाणी तिच्यात येत नाही, निदान येऊ नये अशी अपेक्षा असते. अशी लाइन कुठल्याही शहरात टाकायची तर तिथल्या नगरपालिकेची किंवा महापालिकेची एक नियमावली असते, पाइप केवढा, उतार किती, चेंबर म्हणजे मॅनहोल किती अंतरावर, चर कसा भरायचा, टेस्ट कोणती हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आकडे गावोगावी थोडे इकडेतिकडे होतात पण गाभा जवळपास सगळीकडे एकच, कारण पाणी उताराकडे वाहतं आणि मैला थांबला की बसतो, हे काही गाव बघून बदलत नाही. बऱ्याचदा लाइन टाकतो बिल्डर आणि पुढची पन्नास-शंभर वर्षं सांभाळते पालिका, त्यामुळे ज्याला पुढे निस्तरायचंय त्यानेच आधी अटी घातल्या असं हे प्रकरण आहे.

वेगळी मलवाहिनी ही कल्पना तशी फार जुनी नाही. आधीच्या बऱ्याच मोठ्या शहरांत पाऊस आणि मैला एकाच मोठ्या भुयारी गटारातून जायचा. १८७८ साली अमेरिकेत मेम्फिस शहरात पीतज्वराची भयानक साथ आली, त्यानंतर १८८० मध्ये जॉर्ज वॅरिंग या इंजिनिअरने तिथे फक्त मैलापाण्यासाठी बारीक पाइपांची लाइन टाकली. पीतज्वर डासांमुळे होतो हे तेव्हा माहीत नव्हतं, घाणीतून साथ पसरते असा समज होता, म्हणजे कारण चुकीचं होतं पण लाइन झाली. गल्लीतले पाइप ६ इंची, वरच्या टोकाला आपोआप फ्लश होणाऱ्या टाक्या, आणि मॅनहोल मात्र नाहीत. मग व्हायचं तेच झालं, लाइन तुंबायला लागली आणि आत शिरायला तोंडच नाही म्हणून रस्ता खोदायची पाळी. आज किमान पाइप ६ इंचाऐवजी ८ इंच म्हणजे २०० मिमी मागतात आणि ठरावीक अंतरावर मॅनहोल सक्तीचं असतं, ते असल्या अनुभवांतूनच आलंय.

उतार आणि वेग

नियमावलीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, बाकी सगळं याच्यानंतर. मलवाहिनी भरून वाहत नाही, ती गुरुत्वाकर्षणावर अर्धवट भरलेली वाहते, आणि पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने गेलं तर वाळू, कच, मैला तळाला न बसता पुढे ढकलला जातो. याला स्वतःची सफाई स्वतः करणारा वेग म्हणतात. वरची मर्यादा साधारण ३ मीटर प्रति सेकंद धरतात, त्याच्या पुढे पाइप घासला जातो, तीव्र उतारावर पाइप घसरू नये म्हणून काँक्रीटचे अँकर पण द्यावे लागतात.

वेग काढायला मॅनिंगचं सूत्र वापरतात, रॉबर्ट मॅनिंग या आयरिश इंजिनिअरने ते १८८९ मध्ये मांडलं. त्यातला खडबडीतपणाचा आकडा एन बहुतेक पालिका ०.०१३ धरायला लावतात, पाइप कितीही गुळगुळीत प्लॅस्टिकचा असला तरी. कंपनीवाले ०.००९ सांगतात आणि ते नव्या पाइपाला खरं पण आहे, पण दहा वर्षांनी आत शेवाळासारखा चिकट थर बसतो, सांधे जरा हलतात, तेव्हा नवा-जुना फरक फारसा राहत नाही.

या हिशोबाने २०० मिमी पाइपाला किमान उतार ०.४ टक्के येतो, म्हणजे १०० मीटरमागे ४० सेंटिमीटर, आणि पाइप पूर्ण भरला तर वेग येतो सेकंदाला ०.६६ मीटरच्या आसपास. २५० मिमीला ०.२८ टक्के, ३०० मिमीला ०.२२ टक्के चालतो. ऐकायला किरकोळ वाटतं पण जमीन सपाट असेल तर २०० मिमीची लाइन एका किलोमीटरमध्ये ४ मीटर खाली जाते, सुरुवातीला सव्वा मीटर खोल असलेली लाइन शेवटी सव्वापाच मीटरवर, आणि तेवढा खोल चर म्हणजे आधार, पाणी उपसा, खर्च सगळंच वाढलं.

म्हणून मग लोक एक शक्कल लढवतात, मोठ्या पाइपाला कमी उतार चालतो ना, मग २०० च्या जागी ३०० टाकू आणि उतार वाचवू. नियमावल्यांमध्ये हे स्पष्ट मना केलेलं असतं. कारण कमी उताराचा तो आकडा पाइप निदान अर्धा भरेल या हिशोबावर आहे (अर्ध्या भरलेल्या आणि पूर्ण भरलेल्या गोल पाइपात वेग सारखाच येतो, ही एक गंमत). मोठ्या पाइपात तेवढंच पाणी घातलं तर तळाला पातळ थर होऊन रेंगाळतं आणि घाण तिथेच बसते. मोठा पाइप म्हणजे सेफ हा गैरसमज साइटवर कायम ऐकायला मिळतो, इथे तो उलटा पडतो.

पाइप केवढा

आधी किती माणसं राहणार ते धरायचं, आजची नाही तर पुढच्या ३०-५० वर्षांतली, आणि वरच्या बाजूला जी मोकळी जमीन उद्या वसेल तिचीही. माणशी रोजचं पाणी धरलं की सरासरी प्रवाह निघतो. पण सगळे सकाळी एकाच वेळी उठतात म्हणून त्याला पीक फॅक्टर, म्हणजे गर्दीच्या वेळी प्रवाह सरासरीच्या किती पट होतो तो आकडा, लावतात. यासाठी हार्मनचं सूत्र बरंच चालतं, लोकसंख्या हजारात घेऊन तिचं वर्गमूळ काढायचं, त्यात ४ मिळवायचे, त्याने १४ ला भागायचं आणि वर १ मिळवायचा. हजार माणसांना ३.८ येतो, लाख माणसांना २. वस्ती जितकी मोठी तितकी गर्दीची वेळ पसरते.

समजा ५००० माणसं, माणशी दिवसाला १५० लिटर सांडपाणी. सरासरी झाली सेकंदाला ८.७ लिटर, पीक फॅक्टर ३.२ च्या वर, म्हणजे गर्दीच्या वेळी २८ लिटर. २०० मिमी पाइप ०.४ टक्क्यावर २१ लिटरपेक्षा कमी नेतो, बाद. २५० मिमी किमान उतारावर ३१ लिटर, बसतो पण काठोकाठ, आणि अजून सांध्यांतून झिरपणारं भूजल धरलेलंच नाही. मग एक तर उतार वाढवा नाहीतर ३०० टाका, आणि इथे मोठा पाइप टाकायला कारण आहे म्हणून तो चालतो. एक नियम बाकी कुठेच मोडत नाहीत, खालच्या बाजूचा पाइप वरच्यापेक्षा लहान कधीच नाही, उतार जास्त असला तरी नाही. अडकलेली वस्तू त्या तोंडावरच अडकणार.

मॅनहोल

दोन मॅनहोलमध्ये लाइन सरळ, उतार एकच. जिथे दिशा, उतार किंवा साइज बदलते, दोन लाइनी मिळतात, किंवा लाइन सुरू होते तिथे मॅनहोल. लहान लाइनला दोन मॅनहोलमध्ये जास्तीत जास्त १२० मीटरच्या आसपास, मोठ्या पाइपाला १५० पर्यंत, जेटिंगचा होज (दाबाच्या पाण्याने लाइन साफ करणारी नळी) आणि कॅमेऱ्याची केबल पोहोचायला हवी एवढंच गणित. आतला व्यास किमान १२०० मिमी. तळाला नुसता चौकोनी हौद नाही करायचा, पाइपाच्या आकाराची नाळ पुढे चालू ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी उताराचं बेंचिंग म्हणजे नाळेकडे उतरता काँक्रीटचा कट्टा, नाहीतर मैला कोपऱ्यात साचतो. येणारी लाइन ६० सेंटिमीटर किंवा जास्त उंचावर मिळत असेल तर ड्रॉप मॅनहोल, म्हणजे पाणी उभ्या पाइपातून खाली आणायचं, आत उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर धबधबा नको. साइज बदलताना पाइपांचे तळ नाही तर वरच्या कडा जुळवायच्या, तळ जुळवले की मोठ्या पाइपातलं पाणी लहानात मागे फुगतं.

मॅनहोलमध्ये उतरण्याबद्दल आता चांगल्या नियमावल्या डिझाइनपासूनच विचार करतात की माणूस उतरवावाच लागू नये. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणात येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच येत नाही, धोका नेमका तिथे आहे. उतरावंच लागलं तर आधी गॅस मीटर, ऑक्सिजन निदान १९.५ टक्के, पंख्याने हवा, कमरेला हार्नेस आणि वर माणूस उभा.

हाच गॅस काँक्रीट पण खातो. पाइपाच्या वरच्या ओलसर भागात बॅक्टेरिया त्याचं सल्फ्युरिक अॅसिड करतात आणि छत हळूहळू भुसभुशीत होतं, तळ मात्र ठणठणीत, म्हणून वरून बघून कळत नाही. त्यामुळे लहान लाइनला पीव्हीसी किंवा भाजलेल्या मातीचा ग्लेझ पाइप, आणि मोठ्या काँक्रीट पाइपाला आतून लायनिंग अशी अट असते.

चर, बेडिंग आणि पिण्याची लाइन

पिण्याच्या पाण्याची लाइन आणि मलवाहिनी समांतर असतील तर मध्ये ३ मीटर, क्रॉस होत असतील तर उभं अंतर निदान ४५ सेंटिमीटर आणि मलवाहिनी खाली. क्रॉसिंगच्या जागी पाण्याच्या पाइपाची एक आख्खी नळी मध्यावर येईल अशी ठेवायची म्हणजे सांधा लांब जातो. पाण्याच्या लाइनला प्रेशर असतं, मग घाण आत कशी जाईल असं कुणीही विचारेल, पण पंप बंद पडला किंवा मेन फुटली की प्रेशर जातं आणि लाइन बाहेरचं ओढून घेते.

पाइप टाकायचा तो खालच्या टोकाकडून वर, रुंद तोंड चढाच्या बाजूला. चराच्या तळाला खडीचं बेडिंग, पाइपाच्या पोटाखाली दोन्ही कुशीत खडी हाताने नीट दाबून भरायची. साइटवर सगळ्यात जास्त चुकवेगिरी इथे होते कारण दिसत नाही, आणि लवचिक पीव्हीसी पाइपाची ताकद स्वतःची कमी नि बाजूच्या भरावाचीच जास्त असते. कुशी पोकळ राहिली की वरून माती पडल्यावर पाइप चपटा होतो. मग थराथराने भरून धुम्मस करायचं, मोठे दगड पाइपावर टाकायचे नाहीत. दीड मीटरपेक्षा खोल चराला शोरिंग म्हणजे बाजूंना आधार किंवा बाजू उतरत्या, एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते, अंगावर आली तर माणूस हलू शकत नाही.

घराचं कनेक्शन १०० मिमी पाइपाला साधारण २ टक्के उताराने, मेन लाइनला भोक पाडून पाइप आत घुसवायला सक्त मनाई, वाय फिटिंग (तिरका फाटा असलेला जोड) किंवा सॅडल (पाइपावर बाहेरून बसवायचा जोड) च लावायचं. गच्चीचं पाणी, अंगणातली जाळी, बेसमेंटचा झिरपा यातलं काहीही जोडायचं नाही. हॉटेलांना ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-तूप अडवणारी टाकी. ज्या घराचा सर्वात खालचा मजला वरच्या बाजूच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली आहे त्याला बॅकवॉटर व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, कारण लाइन तुंबली की पाणी आधी झाकणातून नाही, त्याच्या बाथरूममधून वर येतं.

जिथे उताराने जमतच नाही तिथे पंपिंग स्टेशन. पालिका ते शेवटचा उपाय म्हणूनच मंजूर करतात, वीज आणि देखभाल कायमची मागे लागते म्हणून. निदान दोन पंप, सगळ्यात मोठा बंद असला तरी बाकीच्यांनी गर्दीचा प्रवाह उचलला पाहिजे, अलार्म, आणि जनरेटरची सोय.

टेस्ट आणि ताबा

काम सुरू करण्याआधी प्लॅन आणि प्रोफाइल (लाइनचा बाजूने दिसणारा उभा छेद) ड्रॉइंग मंजूर करून घ्यायचं, प्रोफाइलमध्ये प्रत्येक मॅनहोलची झाकण लेव्हल आणि इनव्हर्ट लेव्हल म्हणजे पाइपाच्या आतल्या तळाची उंची, मधला उतार, जमिनीची रेघ, आडव्या येणाऱ्या केबली. खाजगी जागेतून लाइन जात असेल तर वहिवाटीचा पट्टा नोंदवून घ्यायचा, त्यावर बांधकाम नाही, झाडं नाहीत, मुळं सांध्यात शिरतात.

पूर्ण झाल्यावर लाइन दोन्हीकडून बंद करून हवेचा हलका दाब देतात आणि तो ठरावीक वेळ टिकतो का बघतात. पाण्याची टेस्ट असेल तर गळती किती चालेल याचा एक नेहमीचा आकडा, व्यासाच्या दर मिलिमीटरला, दर किलोमीटरला, दिवसाला साधारण सव्वानऊ लिटर, म्हणजे २०० मिमीच्या एका किलोमीटरला जेमतेम १८५० लिटर. प्लॅस्टिक पाइपाला भराव टाकून ३० दिवस झाले की मँड्रेल नावाचा ठोकळा दोरीने ओढतात, पाइप ५ टक्क्यांपेक्षा जास्त चपटा झाला असेल तर तो अडकतो आणि तेवढा तुकडा उकरून परत टाकावा लागतो. पूर्वी एका मॅनहोलमध्ये दिवा आणि दुसऱ्यात आरसा धरून लाइन सरळ आहे का बघायचे, आता कॅमेरा फिरवतात, त्याआधी थोडं पाणी सोडायचं म्हणजे लाइन मध्येच खाली झुकून पोट पडलंय तिथे ते साचलेलं दिसतं.

मग अॅज-बिल्ट ड्रॉइंग, मंजूर झालेलं नाही तर खरंच जसं टाकलं तसं, त्यात प्रत्येक घराच्या कनेक्शनचं जवळच्या मॅनहोलपासूनचं मोजलेलं अंतर. हे द्यायला बिल्डर हमखास टाळाटाळ करतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते हातात पडल्याशिवाय डिपॉझिट सुटत नाही. ताबा घेतल्यावरही वर्ष-दोन वर्षं दुरुस्तीची जबाबदारी टाकणाऱ्याचीच राहते आणि मुदत संपायच्या आत पालिका परत एकदा कॅमेरा फिरवून बघते.