सोळाशे ते एकवीस : खान्देशात हौशी धावणं कसं रुजलं

डिसेंबर उजाडला की जळगाव, धुळे, भुसावळकडच्या धावणाऱ्यांच्या बोलण्यात आकडे शिरतात. कुणी रविवारी अठरा किलोमीटर केले, कुणाचे दहा पहिल्यांदाच तासाच्या आत आले, कुणाच्या गुडघ्याने ऐन मोसमात दगा दिला. जानेवारीत मुंबईची शर्यत झाली की पुढचा आठवडाभर दुसरा विषय नसतो. पेडर रोडच्या चढावर कोण चालला, पेटके कितव्या किलोमीटरला आले, शेवटचे दोन कसे निघाले. नोकरीधंदा सांभाळून, बक्षिसाची आशा न ठेवता पळणाऱ्यांचं हे जग इथे फार जुनं नाही. आणि माझ्या मते ते प्रशिक्षकांपेक्षा या गप्पांवरच जास्त पोसलं गेलं.

पळणं मात्र इथे जुनंच. कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला मैदानावर जा, पोरं पळताना दिसतील. पण ते पळणं भरतीचं. ‘सोळाशे’ म्हटलं की खान्देशातल्या पोराला पुढचं काही सांगावं लागत नाही. पोलिस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सोळाशे पाच मिनिटं दहा सेकंदांत मारले तर वीसपैकी वीस गुण, पुढे सेकंद वाढतील तसे गुण गळत जातात. पूर्वी मुलांना पाच किलोमीटर पळावं लागे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत या पाच किलोमीटरने काही उमेदवारांचा जीव घेतला आणि त्यानंतर हे अंतर कमी होत गेलं. धुळ्यात राज्य राखीव पोलिस दलाचा गट क्रमांक ६ आहे, तेव्हा वर्दी आणि वर्दीसाठीचं पळणं इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर कायम असतं. भरती झाली की हे पळणं संपतं. झाली नाही तर वयाची अट ओलांडल्यावर संपतं. खुल्या गटाला २८ वर्षं, मागास प्रवर्गाला ३३. त्यापुढे माणूस पळताना दिसला तर लोक विचारणार, ‘काय हो, बस चुकली का?’

चिवटपणाची परंपरा म्हणाल तर ती चालण्याची. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगगडावर पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, तीही ऐन उन्हात, टेम्पोवर भोंगा आणि खाली डांबर तापलेलं. मुक्ताईनगरची मुक्ताईची पालखी पंढरपूरला पोचायला महिनाभर चालते. या लोकांना कुणी सहनशक्ती शिकवायला नको होती. पण एकट्याने, देवाचं नाव न घेता, नुसती हौस म्हणून घाम गाळायचा ही कल्पना बाहेरून आली.

ती जन्मली ऑकलंडमध्ये, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. आर्थर लिडियार्ड हे न्यूझीलंडचे प्रशिक्षक. त्यांच्या शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं आणली. त्याच लिडियार्डनी पुढे पोट सुटलेल्या, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या गृहस्थांना हळूहळू पळायला लावलं. अमेरिकेतल्या ऑरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांना भेटायला गेले आणि या मंडळींबरोबर रविवारी पळाले. तीन झटके येऊन गेलेला, सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा चढावर दमलेल्या बॉवरमनना सोबत म्हणून मुद्दाम मागे राहिला, हा किस्सा या खेळाच्या इतिहासात पक्का बसला आहे. बॉवरमननी घरी परतून गावकऱ्यांना पळायला बोलावलं आणि डब्ल्यू. ई. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञाबरोबर १९६७ मध्ये जॉगिंगवर पुस्तकच काढलं. त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा नियम होता, पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं म्हणजे वेग जास्त झाला.

म्हणजे गप्पा या छंदात पहिल्या दिवसापासून आहेत. भरतीच्या मैदानावर असलं काही चालत नाही. तिथे सोळाशे मारताना जो बोलतो तो मागे राहतो.

आपल्याकडे मॅरेथॉन त्याच्याही आधीची आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले, २ तास ५० मिनिटांच्या आसपास वेळ देऊन एकोणिसावे आले. त्यांना तिथवर नेणाऱ्या हालचाली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर झाल्या. अनवाणी पळणारी पोरं पाहून दोराबजी टाटांनी संघ पाठवायचा खटाटोप केला. शिवनाथ सिंग १९७६ च्या माँट्रिऑलला अकरावे आले आणि १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी नोंदवलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. पण ही निवडक माणसांची गोष्ट. डॉक्टर, वकील, शिक्षक, कापडदुकानदार यांनी छातीवर नंबर लावावा असं कुणाच्या मनातही नव्हतं. न्यूयॉर्कसारख्या शहरातही १९७० मध्ये पहिल्या मॅरेथॉनला १२७ जण उभे राहिले आणि त्यातले ५५ च शेवटपर्यंत गेले.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ ला सुरू झाली. खरं दार उघडलं ते फेब्रुवारी २००४ मध्ये, मुंबईच्या पहिल्या मोठ्या मॅरेथॉनने. परदेशी विजेते आणि चाळिशीतला बँक कारकून एकाच रस्त्यावर पळताना टीव्हीवर दिसले. २०१२ पासून साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरांहून किंचित जास्त अंतराची अर्धी मॅरेथॉन, आली आणि मोठी शर्यत फक्त महानगरातच होते हा समज मोडला.

जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर. पूर्ण आणि अर्ध मॅरेथॉनचा नंबर शर्यतीच्या सकाळी मिळत नाही, आदल्या दिवसांत जाऊन घ्यावा लागतो. म्हणजे शुक्रवारी रात्री गाडीत बसायचं, शनिवारी रांगेत उभं राहायचं, रात्री नातेवाइकाकडे किंवा दादरच्या लॉजवर झोप न लागता पडून राहायचं आणि रविवारी अंधारात निघायचं. एवढा खर्च करून माणूस एकटा जात नाही, टोळी करून जातो. परतीच्या गाडीत, सुजलेले पाय समोरच्या बर्थवर टाकून, जे बोलणं होतं तीच इथल्या नवख्यांची शाळा. चाळिशीच्या माणसाला हाफ मॅरेथॉनसाठी तयार करणारा प्रशिक्षक तेव्हा तालुक्यात तरी कुठे होता? क्रीडाशिक्षक शाळकरी पोरांना शंभर-दोनशे मीटरसाठी तयार करत. मग आधी जाऊन आलेला सांगेल तेच खरं.

आणि तो सांगे ते बहुतेक चुकांबद्दल असे. सुरुवातीला बँडबाजा, गर्दी, अंगात चढलेलं वारं, त्यात सहा मिनिटांचा किलोमीटर ठरवलेला माणूस पहिला पाच मिनिटांत काढतो. स्नायूंतलं ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, मोजकं असतं, वेग वाढवला की ते झपाट्याने उडतं. त्याचं बिल सोळा-सतराव्या किलोमीटरला येतं. दुसरी चूक खास आपल्याकडची. खान्देशची हवा कोरडी. हिवाळ्यात पहाटे पंधरा किलोमीटर पळून आलात तरी अंग फारसं ओलं दिसत नाही, कारण घाम तिथल्या तिथे उडतो. काळ्या टोपीवर मिठाचे पांढरे ओघळ दिसले की कळतं किती गेलं ते. मुंबईत जानेवारीतही हवेत दमटपणा. घाम येतो, उडत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी वर चढते. इथल्या सरावावर विसंबून गेलेला माणूस त्यामुळे हमखास चकतो. मग परतीच्या गाडीत नियम ठरतो, मुंबईत किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद सोडून द्यायचे. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेचा नाही, पण तोंडोतोंडी टिकला.

चुकीचं ज्ञानही असंच पसरलं, हेही सांगायला हवं. ‘पाणी पीत राहा, जितकं प्याल तितकं चांगलं’ हा सल्ला बरीच वर्षं फिरत होता. मीठ न घेता नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊन जिवावर बेतू शकतं. लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएसची पुडी बरोबर ठेवायची सवय इथल्या गटांत लागली ती बहुधा त्यांच्यात डॉक्टर भरपूर असल्यामुळे.

मग घड्याळं आली आणि बोलण्याची भाषाच पालटली. जागा दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या संकेतांमध्ये मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली, त्यानंतर मनगटावर अंतर मोजणं शक्य झालं. गार्मिनचं धावण्याचं पहिलं जीपीएस घड्याळ २००३ चं, पळण्याच्या नोंदी मित्रांना दाखवणारं स्ट्राव्हा अ‍ॅप २००९ चं. खान्देशात घड्याळाआधी मोबाइल पोचला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओने डेटा स्वस्त केला आणि रोज सकाळी साडेसातच्या आत कोण कुठे किती पळाला याचे नकाशे मित्रांच्या फोनवर येऊ लागले. त्याआधी ‘मेहरूण तलावाला फेऱ्या मारल्या’ एवढंच सांगून भागत असे. आता किलोमीटरचा वेग, नाडी, पावलांची गती, चढ किती मीटर, सगळं उघडं. मित्र भेटला की पहिला प्रश्न, ‘कितलं पयना भाऊ?’ आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत.

याचा फायदा झाला, नाकारण्यात अर्थ नाही. थापा कमी झाल्या. रोजचं थोडं थोडं दिसत असल्यामुळे आळशी माणूसही लाजेकाजे बूट चढवू लागला. पण आकड्याबरोबर हवामान सांगायची पद्धत रुजायला वेळ गेला. मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, पहाटे पाचलाही रस्त्यातून वाफ येते. जो किलोमीटर जानेवारीत सहा मिनिटांत सहज निघतो, त्याला तेव्हा साडेसहा लागतात आणि तरी नाडी जास्तच असते. गरमीशी जुळवून घ्यायला शरीराला दहा-पंधरा दिवस लागतात, त्यानंतरही वेग पूर्ण परत येत नाही. हे न कळल्यामुळे ‘आपण उतरलो’ म्हणून उन्हाळ्यात पळणं सोडणारे कमी नव्हते. पुण्याच्या मित्राच्या आकड्यांशी भुसावळच्या मेमधले आकडे ताडून पाहणं हा शुद्ध स्वतःवर अन्याय. आता जाणती मंडळी नोंदीसोबत दोन शब्द टाकतात, किती वाजता निघालो आणि ऊन कसं होतं.

गावातच शर्यती होऊ लागल्या तेव्हा गोष्ट आणखी पुढे गेली. जळगावच्या रनर्स ग्रुपची खान्देश रन, धुळ्यात पोलिसांच्या पुढाकाराने झालेली मॅरेथॉन, भुसावळची शर्यत यांमुळे मुंबईचं तिकीट न काढता पदक मिळू लागलं. मोसमही आपसूक ठरला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हाच भरताचा मोसम. रविवारचा लांबचा पल्ला संपवून मळ्यात काडीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी, हा कार्यक्रम कुठल्याही सराव-तक्त्यात नसतो, पण त्याशिवाय काही जण पहाटे उठलेच नसते, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि शर्यतीच्या शेवटी हातात पडणारं केळं? मुंबईतसुद्धा ते रावेर-यावलकडचं असण्याची शक्यता भरपूर.

स्थानिक शर्यतींनी एक वादही आणला. ‘माझ्या घड्याळात वीस पूर्णांक आठच आले, अंतर कमी आहे!’ कधी उलट, एकवीस पूर्णांक चार. प्रमाणित शर्यतीचा रस्ता आधी तपासून घेतलेल्या सायकलच्या चाकावर, वळणांवर सगळ्यात जवळची रेघ धरून मोजतात, आणि अंतर कमी भरू नये म्हणून हजारात एक मीटर जास्त धरतात. आपण त्या रेघेवरून पळत नाही, गर्दी चुकवत रस्ताभर फिरतो, त्यामुळे घड्याळ थोडं जास्त दाखवणारच. कमी दाखवलं तर मात्र संयोजकांना विचारायला हरकत नाही. चिपच्या वेळेचंही तसंच. नंबराच्या मागे चिकटवलेली ती पट्टी तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडल्यापासून मोजते, बक्षिसं मात्र बहुधा बंदुकीच्या आवाजापासूनच्या वेळेवर ठरतात. मागे उभं राहून जिंकल्याचा भ्रम यातूनच होतो.

बायकांचा प्रवास वेगळा आणि जास्त कठीण. ऑलिंपिकनेच महिलांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत ठेवली नव्हती. उत्तर महाराष्ट्रात कविता राऊतचं नाव मोठं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली, पुढे रिओला मॅरेथॉन पळाली. तिच्या नावाने गावोगावच्या मुली शर्यतीत उतरल्या. संसारातल्या बाईला मात्र अजूनही अंधारात एकटं निघता येत नाही. म्हणून त्यांचे गट आधी सोबतीसाठी होतात, वेग वगैरे नंतर. शर्यतीत ‘किती वाजता पोचलीस’ यापेक्षा ‘घरचं आवरून किती वाजता निघालीस’ हा प्रश्न त्यांच्यात जास्त ऐकू येतो.

२०२० नंतर शर्यती बंद पडल्या, मुंबईची मॅरेथॉन जानेवारी २०२० नंतर थेट जानेवारी २०२३ ला झाली. मधल्या काळात आपापल्या रस्त्यावर पळून आकडा पाठवायचा आणि पदक कुरियरने मागवायचं असा प्रकार चालला. मला तो कधी रुचला नाही, पण गच्चीवर फेऱ्या मारून दहा किलोमीटर केलेल्यांनी सवय टिकवली हे खरं.

अलीकडे भरतीवाले आणि हौशी हे दोन प्रवाह मिसळताना दिसतात. गावच्या दहा किलोमीटरला रोख बक्षीस असलं की पहिले येतात ते सातपुड्याकडचे आणि भरतीच्या मैदानावरचे तरुण, हौशी मंडळी तासाभराने. शिवाय वयाची अट संपून पळणं सोडलेले काही जण पस्तिशीत, शिक्षक किंवा दुकानदार होऊन, पुन्हा बूट बांधतात. त्यांना सगळ्यात जड जातं ते हळू पळणं. पाय सोळाशेचे, डोकंही सोळाशेचं. पहिल्या एकवीसला ते किलोमीटरला साडेचार मिनिटांच्या वेगाने सुटतात, दहापर्यंत सगळ्यांच्या पुढे असतात आणि पंधराव्या किलोमीटरला कडेला बसून पोटऱ्या चोळत असतात. मागून सहाच्या वेगाने, गप्पा मारत, पन्नाशीचे डॉक्टर आणि त्यांचा गट येतो. थांबून ओआरएसची बाटली देतात आणि सांगतात, ‘उठ, आमच्याबरोबर चाल, सोळानंतर पुन्हा पळू.’