वायफाय फुल दाखवतंय, मग नेट का नाही?

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय लोकांनी की आता एकदाच लिहून टाकतो. गडबड अशी होते की आपण वायफाय म्हणजेच इंटरनेट असं धरून चालतो. फोनवर ते पंख्यासारखं चिन्ह फुल दिसतं ना, ते फक्त एवढंच सांगतं की तुमचा फोन आणि कोपऱ्यात लुकलुकणारा राउटर यांचं आपसात नीट जमलंय, बस. नेट येतं ते राउटरच्या मागून जी वायर भिंतीत जाते तिच्यातून, आणि ती बाहेर कुठं तुटली तरी राउटरला त्याचं काय, तो आपला सिग्नल सोडतच राहतो. खोटं वाटत असेल तर ती वायर काढून बघा, रेंज तश्शीच फुल, थोड्या वेळानं फारतर बाजूला एक उद्गारचिन्ह येईल.

मोबाईल डेटात राउटरच्या जागी टॉवर. दोन्हीकडं रेडिओ लहरीच, फरक ताकदीचा आणि परवान्याचा. राउटरची ताकद साधारण 0.1 वॅट, म्हणून दोन भिंती आडव्या आल्या की संपला, टॉवरचा अँटेना कितीतरी वॅटवर चालतो आणि काही किलोमीटर पोचतो. मोबाईलच्या फ्रिक्वेन्सी कंपन्यांना सरकारकडून परवाना काढून वापराव्या लागतात, वायफायच्या 2.4 गीगाहर्ट्झवर मात्र कुणीही यावं, त्यामुळे शेजारपाजारचे सगळे राउटर तिथंच कोंबलेले आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास तिथलाच, तो लावला की व्हिडिओ अडकतो तो उगाच नाही.

टॉवरला नेट सॅटेलाइटवरून येतं असं बऱ्याच जणांना वाटतं. क्वचित कुठंतरी येतंही, पण बऱ्याच टॉवरच्या बुडाशी फायबर असते, आणि जिथं नाही तिथं टॉवरवर ढोलासारखं गोल काहीतरी लावलेलं दिसेल, ते दुसऱ्या टॉवरशी बोलायला. तुमच्या फोनशी बोलतात त्या उभ्या लांबट पेट्या. पुढं खंडाखंडांमधला डेटासुद्धा जवळजवळ सगळा समुद्राखालच्या केबलमधूनच जातो. जीपीएस तेवढं सॅटेलाइटवरून येतं, पण त्यात फोन नुसता ऐकतो, त्याचा नेटशी संबंध नाही.

हॉटस्पॉटमध्ये तर दोन्ही एकत्र. तुमचा फोन टॉवरकडून नेट घेतो आणि वायफाय करून मित्राला देतो, म्हणून तुमच्याकडं टॉवरची एकच काडी असते, नेट रडत असतं, आणि शेजारी बसलेला मित्र म्हणतो, अरे माझ्याकडं तर फुल आहे!